शेबालिनांचे शिष्य, संघाचे सरचिटणीस : तिखॉन ख्रेनिकोव्ह यांची ४३ वर्षे

हे प्रकरण समजून घ्यायचे तर दोन याद्या शेजारी ठेवाव्या लागतात. पहिली १० फेब्रुवारी १९४८ ची, सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने केलेल्या ठरावातली. तिच्यात ‘रूपवादी’ (आशयापेक्षा रचनेच्या रूपाला महत्त्व देणारे) म्हणून ठपका ठेवलेली सहा नावे आहेत: शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियन, शेबालिन, पोपोव्ह आणि म्यास्कोव्हस्की. दुसरी नोव्हेंबर १९७९ ची, सोव्हिएत संगीतकार संघाच्या सहाव्या अधिवेशनात झालेल्या भाषणातली. तिच्यात सात: येलेना फिर्सोवा, दिमित्री स्मिर्नोव्ह, अलेक्झांडर क्नाइफेल, व्हिक्टर सुस्लिन, व्याचेस्लाव आर्त्योमोव्ह, सोफिया गुबाइदुलिना आणि एडिसन देनिसोव्ह. पहिल्या यादीतल्यांवरच्या ठपक्याची तळी ज्याने व्यासपीठावरून उचलली, त्यानेच ३१ वर्षांनी दुसरी वाचून दाखवली. पहिल्या यादीतले शेबालिन हे त्याचे गुरू, आणि दुसऱ्या यादीतले देनिसोव्ह व गुबाइदुलिना हे दोघेही शेबालिनांकडेच शिकलेले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर गुरुबंधू आणि गुरुभगिनी.

तिखॉन निकोलायेविच ख्रेनिकोव्ह हे १९४८ ते १९९१ अशी सलग ४३ वर्षे सोव्हिएत संगीतकार संघाचे प्रमुख होते. स्टालिन, ख्रुश्चेव्ह, ब्रेझनेव्ह, आंद्रोपोव्ह, चेर्नेन्को, गोर्बाचेव्ह असे सहा सर्वोच्च नेते आले आणि गेले. ही एक खुर्ची हलली नाही. त्यांच्याविषयी दोनच प्रकारचे लिखाण आढळते. एकात ते स्टालिनचे हस्तक असतात, दुसऱ्यात वाईट काळात शक्य तितक्यांना वाचवणारे भले गृहस्थ. दोन्हीला पुरावे आहेत, आणि अडचण तिथेच आहे.

येलेत्सचा मुलगा

ख्रेनिकोव्ह यांचा जन्म १९१३ चा, मॉस्कोच्या दक्षिणेकडील येलेत्स या छोट्या गावातला. दहा भावंडांत धाकटे. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत पियानो हाइनरिख नॉयहाउस यांच्याकडे आणि रचना विस्सारिओन शेबालिन यांच्याकडे शिकले. विद्यार्थिदशेतच पहिला पियानो कॉन्चेर्तो (एक मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) आणि पहिली सिम्फनी लिहून मोकळे झाले. १९३६ मध्ये मॉस्कोच्या वाख्तांगोव्ह थिएटरसाठी शेक्सपिअरच्या एका सुखात्मिकेला त्यांनी दिलेले संगीत गाजले. मग आले चित्रपट, आणि त्यांतली गाणी तर घरोघरी गेली. त्यांना चाल सुचत असे, हे मुद्दाम सांगायला हवे. सरकारी कलावंत म्हणजे गुणहीन, असा सोयीचा समज इथे चालत नाही. त्यांचा पहिला चेलो कॉन्चेर्तो १९६४ मध्ये रोस्त्रोपोविच यांनी वाजवला. पहिला व्हायोलिन कॉन्चेर्तो लिओनिद कोगान यांनी.

१९३९ मध्ये त्यांचा ‘वादळात’ हा ऑपेरा आला. त्यात लेनिन रंगमंचावर येतो. ऑपेऱ्यात लेनिन दाखवण्याची ती पहिलीच वेळ. गंमत अशी की तो गात नाही, नुसता बोलतो. लेनिनच्या तोंडी तान घालायची कुणाची छाती होती?

त्याआधी दोन वर्षांपूर्वी, १९३७ मध्ये, त्यांचे दोन भाऊ पकडले गेले होते. ख्रेनिकोव्ह यांनी धडपड केली, नामांकित वकील गाठला. एक भाऊ सुटला, दुसऱ्याला सक्तमजुरी झाली. धाक म्हणजे काय हे या माणसाला वर्तमानपत्रातून कळलेले नव्हते.

जानेवारी ते एप्रिल १९४८

५ जानेवारी १९४८ रोजी स्टालिन बोल्शोई थिएटरात वानो मुरादेली यांचा ‘थोर मैत्री’ हा ऑपेरा पाहायला गेला आणि चिडला. कथा यादवी युद्धाच्या काळातल्या उत्तर कॉकेशसची, नायक कमिसार ओर्जोनिकिद्झे. कॉकेशसमधल्या कोणत्या जमाती त्या वेळी कुणाच्या बाजूने होत्या, याचे ऑपेऱ्यातले चित्र त्याला खटकले. शिवाय लेझगिन्का हे नृत्य होते, पण तिथली लोकांच्या ओठांवरची चाल न घेता मुरादेलींनी स्वतःची रचली होती. स्टालिन जॉर्जियाचा. लेझगिन्का त्याच्या कानात बालपणापासून असणार.

मुरादेलींनी आपली कातडी वाचवण्यासाठी दोष शिक्षणावर आणि समीक्षकांवर ढकलला: आम्हाला असेच शिकवले गेले, रूपवादाची भलामण केली गेली. पक्षाच्या प्रचारखात्याला नेमके हेच हवे होते. एका सामान्य ऑपेऱ्यावरून सुरू झालेली चौकशी देशातल्या सर्वांत मोठ्या संगीतकारांच्या दारात आली. जानेवारीच्या मध्यावर मध्यवर्ती समितीत संगीतकारांची तीन दिवस बैठक झाली. अध्यक्षस्थानी पक्षनेते आंद्रेई झ्दानोव्ह. नव्या संगीताची तुलना त्यांनी दंतवैद्याच्या गिरमिटाशी केली. पियात्नित्स्की लोकगायनवृंदाचे व्लादिमिर झाखारोव्ह उठून म्हणाले की जनतेच्या दृष्टीने शोस्ताकोविचची आठवी सिम्फनी ही संगीतरचनाच नव्हे. याच दिवसांत, १२-१३ जानेवारीच्या रात्री, मिन्स्कमध्ये नाट्यदिग्दर्शक सोलोमन मिखोएल्स यांचा अपघात भासवून खून झाला. त्यांचे जावई संगीतकार वाइनबर्ग. ते पुढे येतील.

झाखारोव्ह यांच्या बोलण्यामागे नुसती अभिरुची नव्हती. संघाची जुनी संघटन समिती १९३९ पासून ग्लिएर आणि खाचातुरियन यांच्या हाती होती. तिच्या जोडीला ‘मुझफोंद’ हा संगीत निधी होता: कर्जे, आगाऊ मानधन, विश्रामगृहे, स्वरलेखनाच्या प्रती काढून घेण्याची सोय. सिम्फनीवाल्यांना मोठा वाटा मिळतो आणि गाणी लिहिणाऱ्यांना उष्टे, अशी कुरकुर बरीच वर्षे चालली होती. ती कुरकुर आता सौंदर्यशास्त्राचा अंगरखा घालून उभी राहिली. १९४८ ची गोष्ट सांगताना हा पैशाचा धागा बहुतेकदा गळतो, आणि मग सगळे स्टालिनच्या लहरीवर संपते.

जानेवारी संपण्याआधीच वरून आदेश आला: अध्यक्ष बोरिस आसाफिएव्ह, सरचिटणीस ख्रेनिकोव्ह. वय ३४. आसाफिएव्ह आजारी होते, वर्षभरात वारले. म्हणजे सुरुवातीपासून कारभार एकाच हातात. एप्रिलमध्ये पहिले अखिल सोव्हिएत अधिवेशन भरले आणि आधीच नेमलेल्या माणसाची ‘निवड’ झाली. त्यात ख्रेनिकोव्ह यांनी मुख्य अहवाल वाचला. ठरावातल्या सहा जणांचा समाचार होताच, पण स्त्राविन्स्की, हिंडेमिट, मेसियां, ब्रिटन अशांचे परदेशी संगीतही एका फटक्यात निकालात काढले होते. उतारवयात ते सांगत की भाषण दुसऱ्यांनी लिहून हाती दिले होते. तसे असेलही. अशा ठिकाणी भाषणे तशीच तयार होतात.

परिणाम लगेच दिसले. १४ फेब्रुवारीलाच अनेक रचनांवर सादरीकरणबंदी आली होती. शोस्ताकोविच यांची मॉस्को आणि लेनिनग्राद या दोन्ही कॉन्झर्व्हेटरींतली नोकरी गेली. शेबालिन १९४२ पासून मॉस्को कॉन्झर्व्हेटरीचे संचालक होते; त्यांना काढले. म्यास्कोव्हस्की यांनी कुठेही जाऊन चुकीची कबुली दिली नाही. १९५० च्या ऑगस्टमध्ये ते गेले. आणि खरी चावी कुणाकडे होती ते पुढच्याच वर्षी दिसले. मार्च १९४९ मध्ये शोस्ताकोविच यांना न्यूयॉर्कच्या शांतता परिषदेला पाठवायचे ठरले, स्टालिनचा फोन आला, शोस्ताकोविच म्हणाले की माझे संगीत तर इथे बंद आहे. १६ मार्चला मंत्रिमंडळाचा आदेश निघाला, बंदी उठली. खाली सही स्टालिनची.

खुर्चीचे काम

मग संघाच्या सरचिटणिसाकडे नेमके काय होते? बंदी घालणे आणि उठवणे वरच्यांच्या हातात. त्याच्या हातात होते रोजचे जगणे.

सोव्हिएत संगीतकाराची नवी रचना आधी संघात सहकाऱ्यांपुढे, बहुतेकदा पियानोवर, वाजवून दाखवावी लागे. चर्चा होई, शिफारस होई किंवा होत नसे. शिफारस असेल तर संस्कृती मंत्रालय रचना विकत घेई, प्रकाशनगृह छापी, वाद्यवृंद कार्यक्रमात घेई. घर हवे तर संघ. मॉस्कोत संगीतकारांसाठी बांधलेली इमारत होती. शेजारच्याच्या भिंतीतून त्याचा पियानो ऐकू येई. शांतपणे लिहायला जागा हवी तर रुझा किंवा इवानोवो इथली ‘सर्जनगृहे’. युद्धकाळात इवानोवोजवळच्या अशाच घरात शोस्ताकोविच यांनी आठवी सिम्फनी लिहिली होती. आजारपणात दवाखाना, परदेशी जायचे तर शिफारसपत्र, मुलाला चांगली शाळा, मेल्यावर श्रद्धांजलीचा मजकूर. या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी कुणासाठी शब्द टाकावा लागे.

मराठीत ‘शब्द टाकणे’ हा वाक्प्रचार जितका सहज येतो, तितकीच ही व्यवस्था तिथल्यांना सहज वाटत असावी. ख्रेनिकोव्ह यांनी असंख्य शब्द टाकले. कर्जात बुडालेल्या आजारी प्रोकोफिएव्ह यांच्यासाठी पैशांची सोय लावण्यात आपला हात होता, हे ते आवर्जून सांगत. १९५३ च्या फेब्रुवारीत वाइनबर्ग पकडले गेले तेव्हा शोस्ताकोविच यांनी थेट गुप्तपोलीस यंत्रणेतल्या बेरियाला पत्र लिहिले, आणि ख्रेनिकोव्ह यांनीही वाइनबर्ग यांच्याविषयी बरे मत दिल्याचे सांगितले जाते. स्टालिन मेला, एप्रिलमध्ये वाइनबर्ग सुटले.

मात्र ‘माझ्या कारकिर्दीत एकाही संगीतकाराला तुरुंगात जावे लागले नाही’ हे जे ते पुढे म्हणत, ते खरे नाही. वाइनबर्ग तर झालेच. त्याआधी डिसेंबर १९५० मध्ये अलेक्झांडर वेप्रिक यांना ज्यू राष्ट्रवादी ठरवून अटक झाली आणि ते १९५४ पर्यंत श्रमछावणीत होते. १९४९ च्या सुरुवातीला ‘मुळे नसलेल्या विश्ववादी’ लोकांविरुद्ध मोहीम चालली, तेव्हा संघाच्या व्यासपीठावरून संगीतसमीक्षकांची नावे घेतली गेली; त्यांतले बरेच ज्यू होते, आणि नावे घेणारे ख्रेनिकोव्ह होते. त्याच वेळी त्यांच्याविरुद्धही निनावी पत्रे जात होती: पत्नी क्लारा ज्यू, म्हणून हा माणूस ज्यूंच्या मुठीत. दिवसा नावे वाचायची आणि रात्री स्वतःच्या घरावर कुणाचे बोट आहे याचा विचार करायचा, असे ते दिवस असणार.

लेखक संघात हेच काम अलेक्झांडर फादेयेव्ह यांनी केले होते. त्यांनी मे १९५६ मध्ये स्वतःवर गोळी झाडली. ख्रेनिकोव्ह ५१ वर्षे जास्त जगले.

पीडितही खुर्चीवर

१९५३ नंतर चित्र पालटले, आणि इथे हे प्रकरण सरळ रेषेत सांगता येत नाही. २८ मे १९५८ रोजी पक्षाने १९४८ च्या ठरावातले मूल्यमापन चुकीचे होते असा दुसरा ठराव केला. झ्दानोव्ह केव्हाच वारले होते. सरचिटणीस तेच राहिले, आता पक्षाची नवी भूमिका सांगू लागले. त्याआधीच, १९५७ मध्ये, खाचातुरियन संघाच्या चिटणीसमंडळात आले होते. १९६० मध्ये शोस्ताकोविच रशियन प्रजासत्ताकाच्या संगीतकार संघाचे प्रथम सचिव झाले, पक्षाचे उमेदवार-सभासद झाले. त्याच उन्हाळ्यात ड्रेस्डेनजवळच्या गोरिश गावी त्यांनी आठवे स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) तीन दिवसांत लिहिले. आपल्या नावाची अक्षरे स्वरांत गुंफून त्यांनी ते जणू स्वतःलाच अर्पण केले. या संघाचे प्रमुखपद त्यांनी १९६८ पर्यंत सांभाळले आणि अनेकांसाठी शब्द टाकले. म्हणजे खुर्चीवर बसणे हाच गुन्हा मानला तर या गोष्टीत निर्दोष फारसे कुणी उरत नाही.

फरक कुठे होता तो शोस्ताकोविच यांच्या एका खाजगी रचनेत दिसतो. १९४८ च्या बैठकांची टवाळी करणारी ‘रायोक’ ही छोटी संगीतिका त्यांनी वर्षानुवर्षे दडवून ठेवली. तिच्यात वक्ते येतात, मूर्खासारखे बोलतात. एकाच्या तोंडी ‘सुलिको’ हे स्टालिनचे लाडके गाणे आहे, आणि तिखॉन या नावाची हाकही ऐकू येते. ख्रेनिकोव्ह यांच्या एका चित्रपटगीताची चालही त्यात चिकटवली आहे. ती पहिल्यांदा जाहीरपणे जानेवारी १९८९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये वाजली, रोस्त्रोपोविच यांच्या संचालनाखाली. तेव्हा ख्रेनिकोव्ह अजून खुर्चीवर होते.

स्त्राविन्स्कींचा प्रसंगही इथलाच. १९४८ मध्ये ज्यांची टर उडवली त्यांना ख्रेनिकोव्ह १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला भेटले आणि घरी बोलावले. सप्टेंबर १९६२ मध्ये, ४८ वर्षांनी, ८० वर्षांचे स्त्राविन्स्की मॉस्कोला उतरले. यजमान संगीतकार संघ. आदरातिथ्यात काही उणे नव्हते म्हणतात.

कलोन

मार्च १९७९ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या कलोन शहरात सोव्हिएत संगीताचा महोत्सव झाला. त्यात बरेचसे नवे संगीत वाजले, आणि ते संघाच्या वाटेने गेलेले नव्हते. नोव्हेंबरच्या अधिवेशनात ख्रेनिकोव्ह यांनी त्या सात जणांची नावे घेतली. आशय असा: यांच्या रचनांत विचार नाही, गोंगाट आहे, आणि हे लोक आपल्या देशाच्या संगीताचे प्रतिनिधी कसे? मग आकाशवाणी, छपाई, मैफली, प्रवास अशी एकेक दारे त्यांच्यासाठी लागत गेली.

मला १९४८ पेक्षा हे भाषण जास्त जड वाटते. १९४८ मध्ये एक भाऊ गमावलेल्या ३४ वर्षांच्या माणसाच्या हातात वरून कागद आला. त्याने तो वाचला नसता तर काय झाले असते, हे आपण खुर्चीत बसून ठरवू नये. १९७९ मध्ये ते ६६ वर्षांचे होते, समाजवादी श्रमवीर होते, लेनिन पारितोषिकाचे मानकरी होते. देनिसोव्ह तर त्यांच्याच कॉन्झर्व्हेटरीत शिकवणारे सहकारी. फिर्सोवा आणि स्मिर्नोव्ह हे नवरा-बायको तिशीच्या आसपासचे. या सातांना गप्प न बसवल्याबद्दल ख्रेनिकोव्ह यांना कुणी छावणीत धाडणार नव्हते. धाकाची सबब इथे पुरत नाही.

मग कारण काय? माझ्या मते भाषणातले गोंगाटाबद्दलचे वाक्य दुय्यम आहे. मूळ तक्रार परवानगीची होती. ज्या व्यवस्थेत प्रत्येक गोष्ट शब्द टाकून मिळते, तिथे न विचारता परदेशी पोचलेली स्वरलिपी हा त्या शब्दाचाच अपमान असतो. १९७३ पासून परदेशी हक्कांचे व्यवहार पाहायला सरकारी लेखाधिकार संस्थाही होती. तिलाही वळसा पडला होता. गुबाइदुलिना अवांत-गार्द (रूढ चौकट मोडणारे प्रयोगशील) संगीत लिहितात म्हणून नव्हे, त्या विचारायला आल्या नाहीत म्हणून त्यांचे नाव यादीत आले, असे मला वाटते. अल्फ्रेड श्निटके यादीत नव्हते, पण त्यांचीही तऱ्हा बघा: पहिली सिम्फनी मॉस्कोत न होता १९७४ मध्ये गोर्की शहरात झाली, आणि १९७७ मध्ये ते पश्चिमेकडे गेले ते लिथुआनियन वाद्यवृंदाचे वादक म्हणून. तिथे वाजलेल्या ‘कॉन्चेर्तो ग्रोसो’त कळफलकावर बसलेले सद्गृहस्थच त्या रचनेचे संगीतकार आहेत, हे कागदावर महत्त्वाचे नव्हते.

पोट कसे भरायचे? चित्रपट. चित्रपटांचे खाते वेगळे, तिथे संघाचा हात तोकडा. श्निटके, देनिसोव्ह, गुबाइदुलिना तिघांनीही पडद्यासाठी ढिगाने संगीत लिहिले. सुस्लिन १९८१ मध्ये जर्मनीला गेले. त्याच वर्षी व्हिएन्नात गिडॉन क्रेमर यांनी गुबाइदुलिनांचा ‘ऑफर्टोरियम’ हा व्हायोलिन कॉन्चेर्तो पहिल्यांदा वाजवला. यादीतल्या नावांना त्या यादीनेच जगात ओळख दिली, हे काही कुणी योजले नव्हते.

उरलेले

१९९१ मध्ये देशच उरला नाही, तेव्हा अखिल सोव्हिएत संघही उरला नाही. ख्रेनिकोव्ह यांनी आठवणी प्रसिद्ध केल्या, विद्यार्थी शिकवत राहिले, स्टालिनला संगीत कळत होते असे शेवटपर्यंत म्हणत राहिले. १४ ऑगस्ट २००७ रोजी मॉस्कोत गेले, वयाच्या ९४ व्या वर्षी. दफन येलेत्सला, त्यांच्या इच्छेप्रमाणे, जुन्या घराच्या आवारात.

शेबालिनांचे पुढे काय झाले ते राहिले. संचालकपद गेल्यावर १९५१ मध्ये त्यांना पुन्हा शिकवायला घेतले. १९५३ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, १९५९ मध्ये दुसरा, आणि वाचा गेली. शब्द सापडेनात, समोरच्याचे बोलणे पुरते उमगेना. न्यूरोसायकॉलॉजिस्ट लुरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला. मेंदूत भाषा आणि संगीत वेगळी कशी राहू शकतात याचे ते प्रकरण आजही वैद्यकात उद्धृत होते. कारण शेबालिन रचना करत होते. विद्यार्थ्यांच्या रचना तपासत होते. याच वर्षांत, १९५९ ते १९६३, गुबाइदुलिना त्यांच्याकडे पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या.

१९६२ मध्ये त्यांनी पाचवी सिम्फनी पूर्ण केली. ती त्यांनी आपल्या गुरूंच्या स्मृतीला वाहिली: निकोलाय म्यास्कोव्हस्की, पहिल्या यादीतले सहावे नाव.